हंगामी घर बारमाही करताना टाकीबरोबर जमीनही तपासा

महोदय,

सुटीपुरते वापरलेले घर बारमाही राहण्यासाठी घ्यायचे ठरले की परवानगीच्या अर्जाला सेप्टिक टाकीची मापे जोडतात. पण टाकीचा आकार ठरतो रोजच्या सांडपाण्यावर. माणशी 135 लिटर धरले तर चौघांचे 540 लिटर, मग ते दोन महिने राहोत की बारा. वाढतो तो जमिनीवरचा भार : 60 दिवसांचे 32,400 लिटर, तर वर्षाचे 1,97,100.

टाकीतून आलेले पाणी जमिनीत मुरवणाऱ्या शोषचराच्या तळाशी जिवाणूंचा काळा, चिकट थर धरतो आणि पाणी मुरेनासे होते. घर बंद असताना चर सुकतो, हवा शिरते, थर विरतो. ही विश्रांती संपली की वर्षानुवर्षे चाललेला चरही तुंबतो. त्यामुळे ‘आजवर कधी तक्रार नाही’ या दाखल्याला इथे अर्थ नाही.

नियमात पाझर चाचणी हवी, आणि तीही भूजल सर्वांत वर असताना. चराच्या तळाच्या खोलीपर्यंत खड्डा घ्यावा, कुदळीने गुळगुळीत झालेल्या बाजू खरवडाव्यात, तळाला 5 सेंमी खडी टाकावी. आधी रात्रभर पाणी भरून ठेवावे. दुसऱ्या दिवशी पातळी 25 मिमी उतरायला लागणारा वेळ मोजावा. रात्रभराची भिजवण टाळली तर चिकण मातीच्या भेगा पाणी झटकन गिळतात आणि निकाल फसवा, पण अर्जदाराच्या सोयीचा येतो!

गाळ आणि वरचा तरंगता थर मिळून टाकीचा तिसरा हिस्सा व्यापला की उपसा करावा. बारमाही वापरात ही वेळ लवकर येते. उशीर झाला तर गाळ चरात जातो, आणि मग नुसता उपसा करून भागत नाही.

घराच्या विहिरीचे पाणीही तपासावे, पण नमुना क्लोरीन टाकल्यावर लगेच घेऊ नये. क्लोरीन पूर्ण उतरल्यावरच निर्जंतुक बाटलीत घ्यावा. 100 मिलिलिटरमध्ये ई. कोलाय हा विष्ठेतून येणारा जिवाणू एकही नसावा. थंडीत खिडक्या बंद राहणार असल्याने गॅस गिझरचा धूर बाहेर नेणारी नळीही तपासावी, कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो.

जागा असेल तिथे दोन स्वतंत्र चर आणि प्रवाह वळवणारी झडप सक्तीची करावी. दरवर्षी चर बदलला की एकाला तरी सुकायला वेळ मिळतो. जागाच नसेल, तर परवानगी हंगामीच ठेवावी.

– एक वाचक