कासची फुलं कासवरच मोजा

महोदय,

‘हवेतला कार्बन डायऑक्साइड वाढतोय म्हणजे झाडांना खुराकच, कास पठार उलट जास्तच फुलेल,’ असं हल्ली शिकलीसवरलेली माणसंही बोलतात. त्यामुळे हे पत्र लिहिल्यावाचून राहवलं नाही.

औद्योगिकीकरणाआधी हवेच्या दहा लाख भागांत हा वायू सुमारे २८० भाग होता, आता तो ४२० च्या वर गेला आहे. भात, सोयाबीनसारख्या सी-३ पिकांना (प्रकाशसंश्लेषणाच्या पद्धतीनुसार वनस्पतींचे सी-३, सी-४ असे गट पडतात) त्याचा फायदा होतो, हे खरं. पण पिकाला आपण खत घालतो. कासच्या जांभ्या कातळावर जागोजागी बोटाच्या पेराएवढीही माती नाही, आणि आहे तिच्यात नत्र नावालाच. म्हणून तर तिथे दवबिंदू या कीटकभक्षी वनस्पतीच्या पानावरचे चिकट थेंब चिलटं धरून ठेवतात आणि सीतेची आसवं ही तशीच दुसरी वनस्पती ओल्या मातीतले सूक्ष्म जीव गिळते. नत्रच नसेल तर नुसत्या कार्बनवर रोप किती वाढणार? कवला हे शेंगावर्गातलं रोप; तो मुळांवरच्या गाठींतून नत्र मिळवतो, त्याला कदाचित फावेल. पण डबक्यातून दुबेळक्यासारखा तुरा वर काढणाऱ्या वायतुऱ्याचं काय?

अमेरिकेतल्या मिनेसोटा राज्यात गवताळ वाफ्यांवर जास्तीचा कार्बन डायऑक्साइड सोडून २० वर्षं नोंदी ठेवल्या गेल्या. पहिली १२ वर्षं सगळं पुस्तकाप्रमाणे: सी-३ गवतं जोमात, सी-४ (ज्यांना जास्तीच्या वायूचा एरवी फारसा फायदा होत नाही) जागच्या जागी. पुढे पारडं फिरलं आणि सी-४ वरचढ ठरली. मातीतल्या नत्राची उपलब्धताही तशीच बदलली होती. कासवरची बरीच गवतं सी-४ आहेत. ती माजली तर तेरडा, गेंद यांना ऊन कुठून मिळणार? गवत वाढलं की आपल्याकडे वाद होतो तो कुंपण आणि चराईचा. हवेचा विषय निघतच नाही.

कोणती प्रजाती पुढे कुठे तगेल, हे सांगणारी बहुतेक संगणकीय प्रारूपं तापमान आणि पावसावर चालतात. कार्बन डायऑक्साइड हिशेबात धरायचा तर प्रकाशसंश्लेषणाचा वेग, पर्णरंध्रं किती मिटतात, पानात नत्र किती, हे आकडे लागतात. ते मुख्यतः पिकांचे आणि थंड प्रदेशातल्या झाडांचे मोजलेले आहेत.

२०१२ साली जागतिक वारसा ठरलेल्या या पठाराच्या प्रवेश शुल्कातला ठरावीक वाटा कासच्या वनस्पतींचे हे आकडे मोजण्यासाठी काढावा. शिवाजी विद्यापीठ आणि साताऱ्यातली महाविद्यालयं यांनी मिळून काम हाती घ्यावं. वायू सोडण्याचे प्रयोग मात्र पठाराबाहेर, बियांपासून वाढवलेल्या रोपांवरच व्हावेत. कंद उपटून नेऊ नयेत. पठारावर फक्त चौकटी आखून दर हंगामात नोंदी घ्याव्यात. त्या आखायला पहिल्या पावसाआधीचे दिवस सोयीचे.

– एक निवृत्त वनस्पतिशास्त्र शिक्षक, सातारा