डबकी बुजवण्याआधी : पाणथळ पाहणीसाठी आवाहन

सोलापूरकरहो,

कासच्या पठारावर सीतेची आसवे पाहायला आपल्यातले कितीतरी जण जातात. त्या जांभळ्या फुलांचे झाड मांसाहारी आहे, हे मात्र थोड्यांनाच ठाऊक असते. त्याच्याच युट्रिक्युलारिया प्रजातीच्या काही जाती साठल्या पाण्यात मुळांशिवाय तरंगतात. वर दिसते ते इवलेसे, बहुधा पिवळे फूल. खरी करामत पाण्याखाली. केसासारख्या पानांवर मोहरीएवढे किंवा त्याहून बारीक फुगे असतात. फुगा आतले पाणी बाहेर टाकून पोटात ओढलेला राहतो. दारावरच्या केसाला पाणपिसू धडकली, की दार उघडते आणि पाण्यासकट ती आत खेचली जाते. याला सेकंदाचा हजारावा भागही पुरतो!

हा सगळा खटाटोप नत्र-स्फुरदासाठी, कारण हे झाड वाढते ते पाणी निकस असते. त्यात सांडपाणी किंवा शेतातले खत उतरले, की शेवाळ आणि जलपर्णी माजते आणि हे झाड उजेडाविना मरते. माळावरची पावसाळी डबकी तर मुरूम टाकून एका दिवसात सपाट होतात. माळढोकामुळे आपल्याला माळाची किंमत कळली. त्याच माळावरच्या पाण्याची कोणी दखल घेत नाही, याचे आम्हाला मनापासून वाईट वाटते.

म्हणून आमचे निसर्ग मंडळ यंदा गावतळी, जुन्या खाणी आणि माळावरची डबकी पाहणार आहे. आपल्याकडे पावसाचा जोर सप्टेंबरात असतो आणि जानेवारीतल्या गड्ड्याच्या यात्रेपर्यंत बरीचशी डबकी आटतात. हाताशी वेळ तेवढाच.

रोख देणगीपेक्षा वस्तू द्या : हातभिंगे, पांढरे पसरट ट्रे (त्यात काळपट, भरलेले फुगे चटकन दिसतात), गमबूट, शाळा-कॉलेजात पडून असलेला चालू सूक्ष्मदर्शक. रविवारी गाडी देता आली तर फारच उत्तम. शेतकरी बंधूंनो, तुमच्या शिवारात पाण्यावर असे फूल दिसले तर उपटू नका. फोटो काढा आणि आम्हाला बोलवा. जागेचा ठावठिकाणा तुमच्या संमतीशिवाय आम्ही कुणाला सांगणार नाही.

सप्टेंबरपासून दर रविवारी सकाळी साडेसहाला पार्क चौकातून निघू. मुलांना जरूर आणा, पण सोबत एक मोठे माणूस हवेच. खाणींच्या काठाला उतार नसतो.