पुढचं दार

न्यूयॉर्क,
रविवार, रात्री उशिरा

प्रिय सुमे,

परवा फोनवर तू विचारलंस, "तिकडे फॅशनमध्ये काळी माणसंच काळ्यांना वर येऊ देत नाहीत म्हणे. मग गोऱ्यांना कशाला बोल लावायचा?" समोर फिटिंग चालू होतं, तोंडात टाचण्या होत्या, म्हणून 'लिहून कळवते' म्हणाले. तेव्हापासून प्रश्न डोक्यातून जात नाही. (इथली माणसं स्वतःला मानानं 'ब्लॅक' म्हणवतात, म्हणून मीही 'काळी'च लिहितेय. आपल्याकडे या शब्दाला जी हेटाळणी चिकटलीय, ती बाजूला ठेवून वाच.)

आधी अ‍ॅन लो हिची गोष्ट ऐक आणि तुझ्या शिवणक्लासातल्या मुलींनाही सांग. ती अलाबामाची. आजी आणि आई दोघीही शिवणकाम करायच्या, आजी तर गुलामगिरीत जन्मलेली. १९१७ साली ही न्यूयॉर्कला डिझाइन शिकायला आली, तर तिला बाकीच्या मुलींपासून वेगळं बसवलं. १९५३ च्या सप्टेंबरात जॅकलिन बूव्हिए आणि जॉन केनेडी यांचं न्यूपोर्टला लग्न झालं, तेव्हा नवरीचा झगा हिनं शिवला होता. लग्न दहा दिवसांवर आलं आणि कारखान्यात पाणी शिरलं. नवरीच्या झग्यासकट दहा कपडे वाया गेले. तिनं पुन्हा कापड आणलं, माणसं लावली, रात्रंदिवस बसून सगळं नव्यानं उभं केलं. नुकसान स्वतः सोसलं आणि त्या घरी अवाक्षर काढलं नाही. कपडे घेऊन न्यूपोर्टला पोचली तेव्हा तिला सांगण्यात आलं, मागच्या दारानं या. मागच्या दारानं जायचं असेल तर कपडे परत नेते, असं ती म्हणाली. मग तिला पुढच्या दारानं आत घेतलं. लग्नाच्या बातम्यांत झग्याचं वर्णन सगळीकडे होतं, शिवणारीचं नाव मात्र जवळपास कुठंच नव्हतं. आपण शिवणाऱ्या बायका, सुमे. दहा दिवसांत तेवढं काम म्हणजे काय, ते तुला वेगळं सांगायला नको.

आता जुलै २०२०. एडवर्ड एनिनफुल हा 'व्होग' या फॅशन मासिकाच्या ब्रिटिश आवृत्तीचा पहिला काळा संपादक. आपल्याच ऑफिसात शिरताना पहारेकऱ्यानं त्याला माल उतरवायच्या दारानं जायला सांगितलं. मधे सदुसष्ट वर्षं गेली होती.

तुझा प्रश्न मी टाळत नाही. काळ्यांनी काळ्यांना दुखावलंय, हे खरं आहे. मॉडेल इमान १९७५ मध्ये नैरोबीहून इथं आली. सोमाली राजदूताची मुलगी, विद्यापीठात शिकणारी, पाच भाषा बोलणारी. तिला आणणाऱ्या गोऱ्या छायाचित्रकारानं मात्र उठवलं, की ही रानात गुरं राखताना सापडली. ते एक झालंच. पण ती चॉकलेटात बुडवलेल्या गोऱ्या बाईसारखी दिसते, हे म्हणणारी संपादिका काळीच होती. इमाननंच हे पुढे सांगितलं. म्हणजे एकाला ती हवी होती रानटी, दुसरीला ती पुरेशी काळी वाटेना.

त्या संपादिकेचा मला राग येतो. तरी तिच्या काळात धंद्याची रीत काय होती, तेही बघायला हवं. एका वेळी एकच काळी मॉडेल. नवी आली की जुनीचं काम गेलं. नव्वदच्या दशकात टायरा बँक्स पॅरिसला आली तर तिला लगेच 'नवी नाओमी कॅम्पबेल' ठरवून टाकलं. गोऱ्या मुली दहा-दहा एकत्र चालायच्या, त्यांच्यात कुणी कुणाची जागा घेत नव्हतं. पंगतीत एकच पान मांडायचं आणि मग दोघी उपाशी बायका भांडतात म्हणून बोटं मोडायची, हे मला पटत नाही.

हे मी जवळून पाहिलंय. पूर्वी मी जिथं पॅटर्न कापायचे, तिथं आमच्या वरच्या बाई काळ्या होत्या. हात असा, की नुसत्या नजरेनं खांद्याची शिवण कुठं ओढतेय ते सांगायच्या. एकदा कॉलेजातून नुकतीच आलेली काळी मुलगी कामाला लागली. डोक्यावर बारीक वेण्या घातलेल्या, फार सुंदर. पहिल्याच दिवशी बाईंनी तिला बजावलं, गिऱ्हाईक यायच्या आत केसांचं काहीतरी कर. ती मुलगी बटणं-लेसच्या खोलीत जाऊन रडली. मी तिथं होते. मी काही बोलले नाही.

पुढे एका रात्री आम्ही दोघी हेम घालत बसलो होतो, तेव्हा बाई आपण होऊन बोलल्या. अठरा वर्षं प्रत्येक मीटिंगमध्ये त्या एकट्याच काळ्या. दुसरी कुणी आली, की दोघींपैकी कोण टिकणार याची कुजबुज सुरू. "तिला जे पुढे ऐकावं लागणार होतं, ते मी आधीच सांगितलं," म्हणाल्या. मला त्यांची दया आली. पण त्या मुलीच्या रडण्याचं ओझं त्यानं कमी होत नाही. वर्षाच्या आत ती सोडून गेली.

तरी सगळ्यांनी असं केलं नाही, हे मला तुला ठासून सांगायचंय. बेथअ‍ॅन हार्डिसन आमच्याच गारमेंट डिस्ट्रिक्टमध्ये, म्हणजे इथल्या कपड्यांच्या धंद्याच्या वस्तीत, बटणांच्या कारखान्यात कामाला लागली होती. १९७३ मध्ये व्हर्सायच्या राजवाड्यात अमेरिकन आणि फ्रेंच डिझायनरांचा मोठा सामना झाला. त्यात अमेरिकेकडून स्टीव्हन बरोज हा एक काळा डिझायनर होता आणि दहाएक काळ्या मॉडेल, त्यांतली एक ही. त्या रात्री त्यांनी पॅरिस जिंकलं. पुढे १९८४ मध्ये तिनं मॉडेलांना काम मिळवून देणारी स्वतःची एजन्सी काढली. १९८८ मध्ये तिनं आणि इमाननं मिळून काळ्या मॉडेलांची संघटना उभी केली. आणि २०१३ मध्ये इमान आणि नाओमीला सोबत घेऊन न्यूयॉर्क, लंडन, मिलान, पॅरिसच्या फॅशन संस्थांना पत्रं पाठवली. कोणते डिझायनर एकही काळी मुलगी घेत नाहीत किंवा एकच घेतात, ते नावानिशी लिहिलं. ज्यांना एकमेकींसमोर उभं केलं जात होतं, त्या एकाच कागदाखाली आल्या. मला हे वाचून त्या दिवशी काम सुचलं नव्हतं.

बदल होतोय, पण किती सावकाश बघ. अमेरिकन 'व्होग' १८९२ पासून निघतं. त्याच्या मुखपृष्ठाचा फोटो काळ्या छायाचित्रकारानं पहिल्यांदा काढला तो २०१८ मध्ये, टायलर मिचेलनं.

आणि सुमे, रागावू नकोस, पण गेल्या महिन्यात तूच म्हणालीस, क्लासातल्या त्या सावळ्या मुलीला जांभळा शोभत नाही, फिका काहीतरी घे म्हणून समजावलं. माझ्या आईनंही मला हेच समजावलं होतं, मायेनंच. तिला जांभळा घेऊ दे गं. गळा जरा खोल ठेव आणि बाहीला तोच काठ लाव, बघ कशी दिसते.

त्या वेण्यावाल्या मुलीचा पत्ता मला मिळालाय. ती ब्रुकलिनमध्ये स्वतःचं काम करते. गप्प बसल्याबद्दल तिची माफी मागायचीय, पण चार वेळा कागद घेतला आणि पहिल्या ओळीलाच अडले. तू असतीस तर सुरुवात कशी केली असतीस? लिहून कळव, फोनवर नको.

काकूंना नमस्कार.

तुझीच,
वंदी