तुझ्या इलिनॉयचं सोयाबीन आणि माझे सतरा कट्टे

दोस्ता,

तू अमेरिकेतनं पाठवलेला फोटो बघितला. घरामागं नजर पोचंस्तोवर वाळलेलं सोयाबीन आणि मधी एकच हार्वेस्टर. बापूंना दाखवला, त्यांनी चष्मा पुसून पुसून बघितला अन् म्हणले, "माणसं कुठायत रे?" म्हणलं, त्या डब्यात एक बसलाय. तर म्हणले, "मग डबा जेवायला कुणासोबत बसतो तो?" आता याचं उत्तर तूच दे.

फोटोखाली तू लिहिलंस की तुझं पीक इथंपण आहे, जग किती जवळ आलंय. मग फोनवर आपलं नेहमीचं भांडण झालं, तू म्हणलास ग्लोबलायझेशनला शिव्या देतोस आणि चिनी मोबाईलवरच देतोस. बरोबर आहे लेका, अगदी बरोबर. पण फोनवर तुझ्याशी नीट बोलता येत नाही, तू मधीच "अरे पण" म्हणतोस. म्हणून हे पत्र. लाईट गेलीय, त्याच चिनी मोबाईलवर टाईप करलालोय, चुका सांभाळून घे.

यंदाचं, म्हणजे २०२५ चं, तुला माहितंय, सप्टेंबरात पावसानं असा झोडपला की रानाला वाफसाच आला नाही, उभ्या झाडाला शेंगातच कोंब फुटले. बियाण्याच्या एका बॅगेला, म्हणजे एकराला, साठ किलोचे पाच कट्टे उतार पडला, सात बॅगा पेरल्या होत्या, म्हणजे पस्तीस कट्टे. त्यातले अठरा घेऊन दिवाळीच्या आधी मी अन् बापू लातूरला आडतीवर गेलो. आडत्याच्या पोरानं मूठभर दाणे ओल मोजायच्या मशीनमधी टाकले, काटा सोळा टक्क्यावर. सरकारी खरेदीला बाराच्या वर ओल चालत नाही, आणि क्विंटलला ५,३२८ हा हमीभाव फक्त तिथंच. मग सौद्यात बोली लागली ३,९०० ची. बापू म्हणले मागल्या आठवड्यात तर जास्ती होता की. आडत्या मान वर न करता म्हणला, "काका, शिकागोत पडलंय." बापू घाबरून मला म्हणले, "कोण पडलं रे? आपला तिकडंच असतो ना?" म्हणजे तू! सगळी आडत हसली. आडत्याला म्हणायचं होतं, शिकागोच्या वायदेबाजारात सोयाबीनचा भाव पडलाय. मी पण हसलो, पण येताना टेम्पोत बसून तेच डोक्यात फिरत होतं.

तू सांगितलेला तिथला भाव मी मोजून बघितला. बुशेलला दहा डॉलर. एक बुशेल म्हणजे सत्तावीस किलो, म्हणजे क्विंटलला सदतीस डॉलरच्या आसपास, आपले सव्वातीन हजार रुपये. अरे, त्या फोटोतल्या रानाच्या मालकाला, तुझ्या शेजाऱ्याला, तर माझ्यापेक्षा कमी मिळतंय! मला वाटलं होतं तो मजेत असंल. पण त्याला एकरी पन्नास बुशेल, म्हणजे साडेतेरा क्विंटल पिकतंय, आणि मला यंदा तीन. त्याचं बियाणं जीएम, म्हणजे जनुक बदललेलं, तणनाशक मारलं तरी पिकाला काही होत नाही. आणि २०१८ ला चीननं अमेरिकेच्या सोयाबीनवर २५ टक्के कर लावला तेव्हा ट्रंप सरकारनं शेतकऱ्यांसाठी १२ अब्ज डॉलरची मदत जाहीर केली होती. म्हणजे पडतो तो पण, पण खाली गादी आहे.

आता माझं ऐक. २०२१ आठवतंय? ऑगस्टच्या सुरुवातीला लातूरला सोयाबीन दहा हजारावर गेलं होतं. माझ्याकडं मागल्या वर्षीचे अकरा कट्टे होते, मी शहाणपणा करून ठेवले, म्हणलं बारा होतंय. पोल्ट्रीवाल्यांनी कोंबडीचं खाद्य महागलं म्हणून ओरड केली, आणि त्याच महिन्यात केंद्रानं १२ लाख टन सोयापेंड बाहेरून आणायला परवानगी दिली, ती पण जीएमची. म्हणजे बघ, मी जीएम सोयाबीन पेरलं तर गुन्हा, त्याची पेंड बोटीतून आली तर चालते, आणि त्याचं तेल तर कितीतरी वर्षं येतंयच. दिवाळीपर्यंत भाव निम्म्यावर. माझे अकरा कट्टे कितीला गेले ते घरात अजून कुणी काढत नाही, तू पण काढू नको.

मला राग बोटीचा नाही रे. दार कोणत्या वेळेला उघडतात त्याचा आहे. सप्टेंबर २०२४ ला कच्च्या खाद्यतेलावरचा आयात कर वाढवून साडेसत्तावीस टक्के केला, जरा बरं वाटलं. आणि यंदा ३० मेला, ऐन पेरणीच्या तोंडावर, साडेसोळावर आणला. शहरातल्याला तेल स्वस्त पाहिजे, मान्य, माझ्या घरी पण पामतेलाचीच पिशवी येते, इंडोनेशिया-मलेशियाची. पण नव्वदीच्या सुरुवातीला देश खाद्यतेलात जवळजवळ स्वतःपुरता झाला होता, १९९४ ला पामतेल खुलं केलं, आणि आज अर्ध्याच्या वर तेल बाहेरचं. तुमच्या वाड्यामागचा तेलघाणा आठवतोय ना, करडीच्या तेलाचा वास गल्लीभर यायचा? तिथं आता मोबाईल रिपेरिंग आहे. करडी पेरणारा गावात एक घर उरलंय, त्यांची पण काट्यांमुळं काढायला माणूस मिळत नाही.

बाकी तू म्हणतोस हा दूरदेशीचा व्यापार नवीन नाही, ते खरंच. सातवीत धाराशिव जिल्ह्यातल्या तेरला सहल गेलती, म्युझियममधी ती हस्तिदंती बाहुली बघून आपण चावटपणा केला अन् गुरुजींनी दोघांचे कान पिळले. तसलीच बाहुली इटलीत पाँपेईत राखेखाली सापडलीय. दोन हजार वर्षांपूर्वी तेरचा माल बैलगाडीनं भडोचला जायचा, तिथून बोटीनं रोमकडं.

अन् तुझी अमेरिका आमच्या घरात तुझ्या आधीच येऊन गेलीय. बहात्तरच्या दुष्काळात रेशनला मिलो आली होती, लाल ज्वारी. बापू तेव्हा दहा वर्षांचे, आज्जा खडी फोडायला जायचा. बापू म्हणतात भाकरी थापतानाच चिरायची, अन् खाल्ली की पोटात दगड. तुझ्या वहिनीनं परवा लातूरला मॉलमधी ज्वारीच्या पिठाचं पाकीट बघितलं, वर "मिलेट" लिहिलेलं, भाव असला की ती म्हणली आपण येडेच, घरची जनावरांना घातली.

एक काम कर. तुझ्या त्या शेजाऱ्याला विचार, यंदा सुगीतच चीननं घेणं थांबवलं होतं तेव्हा त्यानं माल कुठं ठेवला? त्याच्याकडं लोखंडी टाक्या असतील, फोटोत मागं चकाकतंय काहीतरी. उरलेले सतरा कट्टे मी वाळवून माळवदाच्या खोलीत थप्पी लावलेत, ओल आता अकरावर आलीय, सरकारी खरेदी केंद्रावर ऑनलाईन नोंदणी केलीय, मेसेजची वाट बघतोय. तोवर बापू त्या थप्पीवरच अंथरूण टाकून झोपतात, म्हणतात उंदरं येतात. रोज सकाळी उठले की पहिलं मला विचारतात, "शिकागो उठलं का?"

डिसेंबरात येलालास ना? नक्की कळव, म्हणजे हुरड्याचं बघतो.

तुझा,
शेजारच्या बाकावरचा