सातबाऱ्यावर तिचंही नाव

आंजर्ले, ता. दापोली

प्रिय दोस्ता,

सप्रेम नमस्कार.

तुझं पत्र पोचलं. वादळात भुईसपाट झालेली वाडी मी परत उभी केली, असं तू कौतुकानं लिहिलंयस. अरे, ती मी नाही केली. तुझ्या वहिनीनं केली. तेच सांगायला बसलोय.

3 जून 2020 चं निसर्ग वादळ. दुपार सरली तेव्हा आजोबांच्या हातचे माड मुळासकट आडवे आणि पोफळी मधोमध मोडलेल्या. घरावर कौल म्हणून राहिलं नव्हतं. माझा तर धीरच खचला होता. हिनं मात्र दुसऱ्या दिवशी कोयती घेतली आणि पडलेल्या माडांपासून सुरुवात केली. झावळ्यांचे हीर काढून खराटे वळले, चुडतं चुलीला रचली, विकण्याजोगे नारळ निवडून बाजूला केले. पाऊस धरल्यावर बाणवली जातीच्या नारळाची रोपं लावली. पोफळीच्या रोपांना ऊन सोसत नाही, म्हणून आधी केळी लावून सावली केली. मी सकाळच्या एसटीनं दापोलीला नोकरीवर जाणार, म्हणजे पावसाळा संपल्यावर पाट फिरवणं, आळी भरणं, पाचोळा घालणं, वानरं हाकणं, सगळं तिच्याच अंगावर. बाणवली माड फळ धरायला सहा-सात वर्षं घेतो. यंदा विहिरीकडच्या माडाला पहिली पोय, म्हणजे फुलोरा, आली. तिनं मला हाताला धरून नेलं आणि दाखवली. इतकी खूश मी तिला क्वचितच पाहिली असेल.

सध्या आगोटीची, म्हणजे पावसाआधीच्या बेगमीची, धांदल आहे. लाकडं पडवीत भरून झाली, आंब्याची साठं वाळताहेत, आणि खळ्यात आमसुलं. आमसूल आपण आमटीत टाकतो नि विसरतो. ते करायचं कसं, हे मी यंदा रजा काढून तिच्या शेजारी बसलो तेव्हा नीट पाहिलं. रातांबा, म्हणजे कोकमाचं फळ, फोडायचा, साल वेगळी, गर-बिया वेगळ्या. गरात मीठ घातलं की रस सुटतो. साली त्या रसात बुडवायच्या, उन्हात घालायच्या, दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच. अशी सात पुटं. मळभ आलं की धावत जाऊन सगळं आत घ्यायचं. तो आंबट रस बोटांच्या चिरांत शिरतो तेव्हा काय झोंबतं! माझी बोटं पहिल्याच दिवशी चुरचुरली. तिची दर मे महिन्यात अशीच असतात, लालभडक आणि सोललेली. रात्री कोकमतेल पातळ करून लावते आणि पहाटे पुन्हा टोपलीशी. बियाही फुकट जात नाहीत. ते तेल त्यांचंच.

एवढं करून सातबाऱ्यावर नाव एकट्या माझं. तुला आठवतं, शरद जोशींच्या शेतकरी संघटनेनं लक्ष्मीमुक्तीची हाक दिली होती? बायकोचं नाव जमिनीला लावा म्हणून गावोगावी सभा झाल्या. पुढे 1992 मध्ये सरकारनंही नवऱ्याच्या अर्जावर सातबाऱ्यात बायकोचं नाव सहहिस्सेदार म्हणून लावायची सोय केली. मी अर्ज लिहून ठेवलाय, सोमवारी तलाठ्याकडे देतोय. हिला सांगितलं तर म्हणाली, “अहो, ते होईल सावकाश. आधी मागच्या पडवीची कौलं परतून घ्या, मिरग आलाय तोंडावर.” पण थोड्या वेळानं आतून विचारलं, “नाव माहेरचं लावतात की सासरचं?” तेव्हा कळलं, तिच्या मनातही ते होतंच.

भावकीत कुजबुज होईल. होऊ दे.

गणपतीला सगळे या. जेवताना वहिनींच्या हाताला चव आहे असं तू दर वेळी म्हणतोस, तिला ते आवडतंही. या खेपेला तिच्याबरोबर वाडीतून फीर. कुठलं रोप कधी लावलं, कुठलं किडीतून वाचवलं, विचार तिला. मला विचारू नकोस, तिच्याकडूनच ऐक. आमसुलांची पिशवी ओळखीच्या गाडीवाल्याबरोबर धाडतोय. वहिनींना नमस्कार, मुलांना आशीर्वाद.

तुझाच,
बाळू