'कृपया' खोडा, मंगळवार राहू द्या

मा. संपादक,
स.न.वि.वि.

'थोडक्यात लिहा, थोडक्यात बोला' असा सल्ला हल्ली जो तो देतो. माझी उमर तारघराच्या खिडकीत, शब्दागणिक पैसे घेण्यात गेली, म्हणून या चार ओळी.

आमच्या भागातले केळीचे व्यापारी तारेत पटाईत. दिल्लीहून तार यायची, 'भाव पडला वॅगन थांबवा'. ना नमस्कार, ना खुशाली. पण वाचली की इकडे बागेतली कापणी थांबायची. नवखा माणूस मात्र पैसे वाचवायला नेमका वार आणि गाडी खोडायचा आणि 'कृपया' ठेवायचा. मी म्हणायचो, काका, 'कृपया' खोडा, मंगळवार राहू द्या.

एका तारेत मात्र कोणी काटकसर करत नसे. 'आई सिरियस लवकर या.' बहुतेक वेळा आई गेलेलीच असायची. पाठवणाऱ्याला ठाऊक, आम्हाला ठाऊक, आणि घेणाराही मनातून समजून असायचा. 'आई गेली' लिहिलं तर निम्मे शब्द. पण मुलगा मुंबईहून रात्रभर एकटा गाडीत बसून येणार, त्याच्या हातात तो कागद कसा द्यायचा? दोन शब्दांचे पैसे लोक मुकाट्याने भरायचे.

१५ जुलै २०१३ पासून तारसेवा बंद झाली. आता शब्द फुकट. गावात पाणी येणार नसलं की सूचना निघते, 'तांत्रिक कारणास्तव पाणीपुरवठा विस्कळीत होण्याची शक्यता नाकारता येत नसल्याने नागरिकांनी सहकार्य करावे.' कोणत्या गल्लीत? कधीपर्यंत? पत्ता नाही. फोन केला तर तिथलाच माणूस एका दमात सांगतो, 'खालच्या गल्लीत उद्या सकाळी येईल.' तोंडाने येतं ते कागदावर का येत नाही, कोण जाणे! सकाळी वाटेत कोणाला आमच्या बोलीत 'कथा चालना भाऊ?' (कुठे चाललास?) विचारलं तर 'वावरमा' (शेतात) एवढंच उत्तर मिळतं. तोच भाऊ ग्रामसभेत माइक हातात आला की 'मी या ठिकाणी एवढंच सांगू इच्छितो' म्हणत अर्धा तास खातो.

उलट आमचा नातू. 'रविवारी येतोस का?' विचारलं तर नुसता अंगठा पाठवतो. आता भाकरी टाकायची की नाही?

तेव्हा एकच विनंती. अशा सूचना आपल्या अंकात छापताना भाग, वार आणि वेळ पहिल्या ओळीत घ्यावी. 'सहकार्य करावे' जागा उरली तर.

आपला,
एक निवृत्त तारबाबू
सावदा (ता. रावेर, जि. जळगाव)