धक्का सोडण्याआधी

॥ श्री ॥

डिचोली,
फाल्गुन शुद्ध सप्तमी

चि. बाय हिस,
अनेक उत्तम आशीर्वाद.

काल रात्री फोनवर तू सांगितलंस की तुम्ही पाचजणांनी मिळून घेतलेली फायबरची होडी अखेर हातात आली. होळीच्या दुसऱ्या दिवशी सुट्टी, म्हणून जेवणं उरकून बेतीहून मांडवीच्या तोंडाशी आग्वादपर्यंत जायचं आणि डॉल्फिन बघून यायचं ठरलंय. तुझ्या आवाजातला आनंद ऐकून मी नुसतं ‘बरं’ म्हटलं आणि फोन ठेवला. मग रात्रभर डोळा लागला नाही. आई दोनदा उठून विचारून गेली. फोनवर जे बोलता आलं नाही ते लिहून पाठवतो. नीट वाच, आणि बरोबर येणाऱ्या चौघांनाही वाचून दाखव.

आपल्या माजघरात घड्याळाखाली जो फोटो आहे तो माझ्या मावसभावाचा. तुला आम्ही एवढंच सांगत आलो की काका तरुणपणी गेला. तो कसा गेला ते आज सांगतो.

१९८६ साल. होळीचा दुसरा दिवस. आम्ही पाचजण, सगळे विशी-पंचविशीतले, ओळखीच्याची होडी मागून आणली. उलांडी, म्हणजे बाजूला तरंगता लाकडी आधार, लावलेली लाकडी होडी, मागे छोटं मशीन. जेवून शिवोलीहून सुटलो आणि शापोरा नदीने खाली तोंडाकडे निघालो. पाणी ओहोटीचं होतं, होडी कशी अलगद चालली होती. मशीन नुसतं गुरगुरत ठेवलं तरी नदीच आम्हाला पुढे नेत होती. कोणाच्या मनात आलं नाही की हेच पाणी परतताना अंगावर येणार आहे.

तोंडाशी, एका बाजूला मोरजीची रेती आणि दुसऱ्या बाजूला शापोऱ्याचे खडक, तिथे लाटा उभ्या राहिलेल्या दिसल्या. लांबून त्या नुसत्या पांढऱ्या रेघा वाटत होत्या. जवळ गेल्यावर कळलं की एकीचं पाणी खाली बसायच्या आत दुसरी समोर उभी राहते. मशीनवर बसलेल्याने होडी वळवायला घेतली. वळताना होडी लाटेला आडवी झाली आणि पहिल्याच लाटेने उलटली. किती वेळ लागला सांगू? मी ‘अरे’ म्हणालो, तेवढाच.

होडीत चार लाईफ जॅकेटं होती. नाळेकडच्या, म्हणजे पुढच्या टोकाच्या, फळीखाली, सुतळीने गच्च बांधलेली, हलू नयेत म्हणून. पाण्यात पडल्यावर मी त्या सुतळीची गाठ चाचपली. ओली सुतळी फुगून दगडासारखी घट्ट झाली होती. होडी उलटी, डोळ्यांत खारं पाणी, एका हाताने उलांडी धरलेली आणि दुसऱ्या हाताच्या नखांनी ती गाठ सोडवतोय. ती सुटली नाही. अजून एखाद्या पोत्याला तशी गाठ दिसली की मी आधी ती सोडवतो, तू लहानपणी मला विचारायचीस ना, बाबा असं का करता म्हणून.

आमच्यात काका सगळ्यात चांगला पोहणारा. शिवोलीला नदी एका दमात पार करून परत यायचा. तो म्हणाला, ‘तुम्ही धरून राहा, मी किनाऱ्यावरून माणसं आणतो.’ किनारा समोर दिसत होता. तो गेला. आम्ही चौघे उलट्या होडीला धरून राहिलो, ओहोटीने बाहेर वाहत गेलो आणि अर्ध्या-पाऊण तासाने एका मासेमारी होडीने आम्हाला उचललं. ज्यांना धड पोहता येत नव्हतं ते वाचले. काका दुसऱ्या दिवशी सकाळी मिळाला.

वर्षभरात मी फेरीबोटीवर लागलो. पस्तीस वर्षं रोज नदीवर काढली, आणि त्या दुपारी काय काय चुकलं ते हळूहळू उमगत गेलं. पाण्यात पडल्यावर काही करता येत नाही, बाय. जे करायचं ते धक्का सोडण्याआधी.

म्हणून पहिलं म्हणजे दिवस आणि वेळ. भरती-ओहोटीची तक्ते आता मोबाईलवर मिळतात, ती बघच. पण आमच्या किनाऱ्यावरचा जुना हिशोबही शिकून ठेव: तिथीची पाऊणपट. आज सप्तमी, सात गुणिले पाऊण म्हणजे सव्वापाच, तेव्हा सव्वापाचच्या सुमारास भरती पूर्ण, आणि तिथून साधारण सव्वासहा तासांनी ओहोटी पूर्ण. अर्धा-पाऊण तास इकडेतिकडे होतो, पण अंदाज चुकत नाही. पौर्णिमा-अमावास्येच्या आसपास उधाण असतं, पाणी जास्त चढतं आणि जास्त जोराने ओसरतं. अष्टमीच्या आसपास भांगाची भरती, तेव्हा ओढ कमी.

आता तुमची दुपार बघ. होळीच्या दुसऱ्या दिवशी प्रतिपदा, तेव्हा दुपारी साडेबारा-पाऊणला भरती पूर्ण होणार. म्हणजे तुम्ही जेवून दोनला सुटाल तेव्हा ओहोटी लागलेली, आणि तीन-चारच्या सुमारास उधाणाचं सगळं पाणी जोराने मांडवीतून बाहेर निघालेलं. हे दिवस फाल्गुनाचे. सकाळी जमिनीवरून मतलई वारा असतो, हलका. दुपार झाली की समुद्रावरून खारा वारा सुटतो आणि संध्याकाळपर्यंत वाढत जातो. पाणी आतून बाहेर, वारा आणि लाट बाहेरून आत, आणि मधे आग्वादचा बार, जिथे तळाची रेती वर आलेली. तिन्ही एकत्र आले की लाट आखूड आणि उभी होते. काकाच्या दिवशी शापोऱ्याला हेच झालं होतं, तिथी तीच आणि वेळही तीच. मांडवीचं तोंड शापोऱ्यापेक्षा कितीतरी रुंद आहे, मान्य. पण तोच बार पावसाळ्यात इतका खवळतो की खनिजाचे बार्जसुद्धा तो टाळून कुंभारजुव्याच्या कालव्याने जुवारी नदीत उतरत. तुमची होडी सोळा फुटांची.

त्या दुपारी जाऊ नका. हे मी विनंती म्हणून लिहीत नाही, बाप म्हणून सांगतो.

जायचंच तर या रविवारी जा. दशमी आहे, सकाळी साडेसातच्या सुमारास भरती, उधाण नाही. आठला सुटा, डॉल्फिन बघा, अकरा वाजायच्या आत आग्वादचा बार ओलांडून नदीत परत या, वारा उठायच्या आधी. येताना पाणी थोडं विरुद्ध असेल, ते धरूनच पेट्रोल घ्या. जायला एक भाग, यायला एक भाग आणि तेवढाच एक भाग शिल्लक. पेट्रोल भरताना होडीत कोणी बसू नये, आणि वास पूर्ण गेल्याशिवाय मशीन चालू करू नये.

दुसरं, जॅकेट. होडीत ठेवायचं नाही, अंगात घालायचं. धक्क्यावर उभं असतानाच, सगळ्या क्लिपा लावून, पट्टे ओढून. मग एकमेकांच्या जॅकेटला खांद्यापाशी धरून वर उचलून बघा. कानापर्यंत सरकत असेल तर ते पाण्यात डोक्यावरून निघून जाईल. लेबल वाच, त्यावर न्यूटनमध्ये आकडा असतो. ५० लिहिलेलं पोहता येणाऱ्याला किनाऱ्याजवळ आधार म्हणून ठीक आहे, कायाकवाले वापरतात. १०० म्हणजे साधारण दहा किलोचा भार पाण्यात वर धरेल इतकी ताकद, तुम्हाला निदान तेवढं हवं. उकडतं, फोटोत चांगलं दिसत नाही, हे सगळं मी पर्यटकांकडून ऐकलंय. २०२४ च्या नाताळच्या दिवशी कळंगुटला पर्यटकांची होडी उलटली, ती किनाऱ्यापासून हाकेच्या अंतरावर. जीवरक्षकांनी वीस जणांना बाहेर काढलं आणि तरीही एक माणूस गेला. आणि तो किनारा होता, तिथे जीवरक्षक नजर ठेवून असतात. नदीत तुमच्यावर नजर ठेवणारं कोणी नाही.

तुला पोहता येतं म्हणून मी निर्धास्त नाही. काकालाही येत होतं. होडी उलटली तर ती सोडायची नाही, किनारा कितीही जवळ दिसला तरी. उलटी होडी तरंगते आणि लांबूनही दिसते. पाण्यात एकटं डोकं कोणाला दिसत नाही.

तिसरं, मशीनच्या किल्लीला जी लाल पिळाची दोरी आहे ती. मी तुमच्या फोटोत बघितली, सुकाणूला गुंडाळून ठेवली होती. ती चालवणाऱ्याच्या मनगटाला किंवा जॅकेटला अडकवायची असते. चालवणारा पडला की दोरी निसटते आणि मशीन बंद होतं. नाहीतर माणूस पाण्यात आणि होडी चालूच राहते, गोल फिरून त्याच्याच अंगावर येते. मशीनच्या पंख्याने झालेली जखम मी एकदा पाहिली आहे. ती मी लिहिणार नाही.

कोणी पडलं तर, ज्या बाजूला पडलं त्याच बाजूला सुकाणू फिरव, म्हणजे पंखा त्याच्यापासून लांब जातो. एकाने फक्त त्याच्याकडे बोट दाखवत राहायचं, नजर हलवायची नाही, दुसरं काहीही काम करायचं नाही. जवळ गेल्यावर मशीन बंद करून बाजूने वर घ्यायचं, पाठीमागून नाही. हे रविवारी आधी नदीत एक रिकामा कॅन टाकून दोन-तीनदा करून बघा. आम्ही फेरीबोटीवर असं करायचो.

नाळेवर पाय सोडून कोणी बसायचं नाही. पुढून पडलेला माणूस सरळ होडीखालून पंख्याकडे जातो. आणि डॉल्फिन! शिंकेरीला मी कितीतरी वेळा बघितलंय, कोणीतरी ‘तो बघ’ म्हणून ओरडतं आणि सगळे मोबाईल घेऊन एकाच अंगाला उभे राहतात. होडी इतकी कलते की काठ पाण्याला लागतो. आधीच ठरवा, कुठूनही दिसला तरी बसूनच बघायचा.

पणजीसमोर कॅसिनोच्या बोटी, क्रूझ, फेरीबोटी, सगळ्यांची ये-जा असते. समोरून कोणी आलं तर दोघांनीही उजवीकडे वळायचं. उजव्या हाताकडून आडवा येणाऱ्याला आधी जाऊ द्यायचं. बार्ज असेल तर मात्र नियमाचा विचारच करू नकोस, बाजूला हो. भरलेला बार्ज थांबवायला किती लांब जावं लागतं ते बार्ज चालवणाऱ्या तांडेलाला विचार. त्याची केबिन पार पाठीमागे असते, नाळेच्या पुढ्यातली होडी त्याला दिसतच नाही. बाजूला होताना जाळ्यांचे खुंट आणि तरंगणारे बोळे बघून हो, दोरी पंख्यात गेली की मशीन तिथेच बंद.

बिअर घरी आल्यावर. ह्यावर मी जास्त लिहीत नाही, तुला मी ओळखतो, पण पाचही जणांनी हे मान्य केलं पाहिजे.

मोबाईल पाणी न शिरणाऱ्या पिशवीत, गळ्यात. ११२ आणि तटरक्षक दलाचा १५५४ हे दोन नंबर सगळ्यांच्या फोनमध्ये असू देत. बंदर कप्तान खात्याचे नोंदणीचे कागद होडीतच ठेवा. आणि जूनमध्ये पाऊस लागला की होडी वर ओढायची. १ जून ते ३१ जुलै पिढ्यान्‌पिढ्यांचे मासेमारसुद्धा ट्रॉलर धक्क्याला बांधतात. तुम्हीही नारळी पौर्णिमा होऊन समुद्र निवळेपर्यंत होडी काढू नका.

पोटाशी धरून ठेवण्यासाठी मी हे लिहीत नाही, बाय. नदी मला आवडते. पहाटे चोडणच्या बाजूने खारफुटीतून बगळे उठायचे आणि पहिली फेरी रायबंदरच्या धक्क्याला लागायची, तेव्हा मला वाटायचं की ह्या कामाचे पैसे मिळतात हेच जास्त आहे. तू लहान असताना तुला केबिनमध्ये उभी करायचो, आठवतं? सुकाणूला हात पुरत नव्हता तुझा. तुला नदीची ओढ कुठून लागली ते मला माहीत आहे.

शनिवारी संध्याकाळी मी पणजीला येतोय. तुझ्या मापाचं जॅकेट आणलं आहे, खांद्याच्या पट्ट्याला शिट्टी बांधली आहे, सुतळीने नाही, नायलॉनच्या दोरीने आणि सुटणाऱ्या गाठीने. बाकी चौघांची मापं मला उद्या कळव. किती वाजता सुटणार आणि किती वाजता परत येणार ते कागदावर लिहून दे. मी बेतीच्या धक्क्यावर बसतो. अकरा वाजून पंधरा मिनिटांपर्यंत दिसली नाहीस तर मी फोन लावणार, तुला नाही, १५५४ ला.

आईने रविवारी दुपारी खतखतं करायला घेतलंय. सगळ्यांना घेऊन ये.

तुझे
बाबा